जुना फोन, बाहेरचा माईक आणि बाईचं म्हणणं

(बीड जिल्ह्यातल्या महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. भाषणानंतरच्या चर्चेत आलेले काही मुद्दे त्या त्या ठिकाणी घातले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'जुन्या मोबाइलला माईक कसा जोडावा' असं छापलं आहे. ते वाचून काही जणींनी सकाळी चहाच्या वेळीच विचारलं, की हे तर मोबाइल शॉपीतल्या पोराचं काम, यात चळवळीचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते आणि मग पिना, वायरी यांच्याकडे वळते.

आपण सगळ्याजणी बायकांचं म्हणणं ऐकून ते पुढं नेण्याचं काम करतो. मारहाणीची तक्रार असते, उचलीचा हिशोब असतो, दवाखान्यातला अनुभव असतो. ते आपण पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये, संरक्षण अधिकाऱ्यांकडे, वकिलांकडे नेतो. नेताना वहीत लिहितो, 'सदर महिलेस पतीकडून वारंवार मारहाण होते.' बाई असं बोललेलीच नसते. ती म्हणालेली असते, 'भाकर करपली म्हणून उलथन्यानं मारलं, तवा लेकरू कडंवर होतं.' आपल्या वाक्यात भाकर गेली, उलथनं गेलं, कडेवरचं लेकरू गेलं. कधी मारलं, कशानं मारलं, कुणासमोर मारलं, हे सगळं त्या तिच्या एका वाक्यात होतं. कार्यालयाला चालेल असं लिहिण्याच्या नादात आपणच ते पुसून टाकतो.

म्हणून आपण रेकॉर्डिंग करायला लागलो. पण आपल्याकडे जमा होणारी रेकॉर्डिंगं ऐकून पाहा. पंखा ऐकू येतो, ट्रॅक्टर ऐकू येतो, बांगड्या ऐकू येतात, प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा आवाज खणखणीत ऐकू येतो, कारण फोन त्यांच्याच हातात असतो. ज्या बाईचं म्हणणं घ्यायचं ती मात्र विहिरीतून बोलल्यासारखी. उचल 'पन्नास हजार' की 'पंचावन्न हजार', हे कळत नाही. मग आपण अंदाजानं लिहितो, म्हणजे पुन्हा आपलेच शब्द तिच्या तोंडी घालतो. त्यामुळे माईकची वायर नीट बसली की नाही, हा कुणाचे शब्द पुढं जाणार याचाही प्रश्न आहे.

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. त्यातल्या पुष्कळ कागदावर उतरवल्या, काही ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ साली बर्नार्ड बेल आणि त्यांचे सहकारी आपल्या माजलगावच्या भीमनगरात आले आणि तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांनी टेप केल्या. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून हे काम लोकांसमोर येत आहे. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. आज गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, तरी त्या बायकांचा गळा, त्यांचं थांबणं, त्यांचा हेल आपण ऐकू शकतो. कुणीतरी त्या वेळी माईक नीट धरला होता म्हणून हे शक्य झालं.

दुसरं उदाहरण दुःखाचं आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. हा आकडा देशभर गेला आणि जायलाच हवा होता. पण ऑपरेशनला 'हो' म्हणताना डॉक्टर काय म्हणाले, किती पैसे लागले, ते मुकादमाकडून उचललेले होते का, खाडा झाला तेव्हा किती कापले, ऑपरेशननंतर किती दिवसांनी पुन्हा डोक्यावर मोळी घेतली, हे आकडा सांगत नाही. ते त्या बाईलाच सांगावं लागतं. आणि एकदा सांगितल्यावर तेच ते दर नव्या माणसापुढं पुन्हा सांगायला लावणं हाही जुलूमच आहे. एकदाच, तिच्या मर्जीनं, नीट घेतलेलं रेकॉर्डिंग तिचा हा त्रास पुष्कळ कमी करू शकतं.

नवा फोन कशाला?

रेकॉर्डिंग चांगलं येत नाही म्हटलं की पहिली मागणी येते, 'संस्थेनं चांगले फोन द्यावेत.' जुन्या, संथ फोनांचा वैताग मला समजतो. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले, कारण त्यांवर काम होईना. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण तिथं ॲप चालवायचं होतं, इंटरनेटवरून माहिती भरायची होती. नुसता आवाज भरून घ्यायला फोनला फारशी ताकद लागत नाही. सात-आठ वर्षांपूर्वीचा, काच तडकलेला, पण बॅटरी दोन तास टिकणारा फोन या कामाला पुरतो. उलट त्याची एक सोय आहे. जुन्या फोनांना हेडफोनची गोल पिन घालायचं भोक असतं. नव्या अनेक फोनांतून कंपन्यांनी ते काढून टाकलं आहे.

मग रेकॉर्डिंग बिघडतं कशानं? अंतरानं. फोनचा माईक खालच्या कडेला असतो आणि तोंडाजवळ धरून बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं, की माईकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाची ताकद चौथाईवर येते. बाई चार हात लांब बसली आणि फोन आपल्या मांडीवर राहिला, तर तिचा आवाज क्षीण होतो, पण पंख्याचा आणि बाहेरच्या ट्रॅक्टरचा आहे तेवढाच राहतो. महागड्या फोनलाही हा नियम चुकत नाही. उपाय एकच, माईक तिच्या जवळ न्यायचा. फोन तिच्या तोंडापुढं धरला तर ती बुजते. म्हणून वायरीचा छोटा माईक लागतो.

पिन ओळखा

आता सगळ्यांनी आपल्याजवळची हेडफोनची पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. काही पिनांवर दोन रेघा असतात, काहींवर तीन. दोन रेघांमुळे धातूचे तीन भाग पडतात, तीन रेघांमुळे चार. तीन भागांची पिन नुसत्या ऐकण्याच्या हेडफोनला असते. कॅमेऱ्याच्या माईकलाही ती असते. चार भागांची पिन मोबाइलच्या माईकवाल्या इयरफोनला असते. डावा कान, उजवा कान, सामायिक तार आणि माईक, असे ते चार भाग.

फोनला माईक कळण्यासाठी हा चौथा भाग लागतो. तीन भागांच्या पिनेचा कॅमेऱ्याचा माईक फोनमध्ये घातला, तर पिन व्यवस्थित आत बसते, 'टक्' आवाजही होतो. फोनला मात्र वाटतं की नुसता हेडफोन लावला आहे, आणि तो स्वतःच्याच माईकवरून रेकॉर्डिंग चालू ठेवतो. पडद्यावर सेकंद पळत असतात, कुणाला शंका येत नाही. घरी गेल्यावर ऐकावं तर तोच लांबचा आवाज. दुकानदार 'माईक खराब आहे' म्हणून दुसरा देतो, त्याचीही पिन तीन भागांचीच, आणि पैसे दोनदा जातात.

याची परीक्षा सोपी आहे. माईक जोडून रेकॉर्डिंग चालू करा. माईकच्या तोंडावर नखानं हलकंच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेला खरवडा. ऐका. पहिली खरखर मोठी आली तर बाहेरचा माईक चालू आहे. दुसरी मोठी आली तर नाही. दर वेळी, दर ठिकाणी ही परीक्षा करायची.

तीन भागांच्या पिनेचा चांगला माईक हाताशी असेल तर तो टाकू नका. तीनवरून चार भागांवर नेणारी छोटी जोडवायर मिळते. दुसरी एक वाय आकाराची वायर मिळते. तिच्या एका टोकाला चार भागांची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन भोकं, एकावर माईकचं चित्र, दुसऱ्यावर हेडफोनचं. दिसायला अगदी तशीच, पण दोन हेडफोन लावायची वायरही दुकानात असते. ती आपल्या कामाची नाही. घेताना माईकचं चित्र पाहूनच घ्या.

आणखी एक घोटाळा फार जुन्या फोनांत दिसतो. साधारण २०१२ च्या आधीच्या काही फोनांत शेवटच्या दोन भागांचा क्रम उलटा होता. अशा फोनला आजचा इयरफोन लावला की आवाज पोकळ येतो आणि वायरीवरचं बटण दाबून धरलं तरच नीट ऐकू येतं. असं झालं तर ना फोन बिघडला आहे ना इयरफोन. दोघांची जात वेगळी आहे, एवढंच. क्रम बदलणारी जोडपिन मिळते, नाहीतर दुसरा फोन वापरावा.

दुकानात जाण्यापूर्वी घरी दोन गोष्टी पाहा. फोनचं कव्हर जाड असलं तर पिन पूर्ण आत जात नाही; कव्हर काढा. आणि भोकात खिशातला, पर्समधला कचरा साचतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं अलगद काढा. टाचणी, सुई घालू नका.

कोणता माईक?

सगळ्यात पहिला माईक तुमच्या घरात आहेच. फोनबरोबर आलेल्या वायरीच्या इयरफोनवर बटणाजवळ बारीक छिद्र असतं, तोच माईक. इयरफोनचे बोळे कानात न घालता वायरीचा तो भाग बाईच्या काठाला सेफ्टी पिननं अडकवला, तरी फोनच्या माईकपेक्षा कितीतरी चांगला आवाज येतो. एक रुपयाही खर्च न करता आजपासून हे करता येईल.

त्याहून बरा कॉलर माईक. घेताना चार भागांची पिन आणि लांब वायर पाहा. बोया कंपनीचा बी.वाय.-एम.१ पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची वायर सहा मीटर आहे, त्यामुळे बाई बाजेवर आणि आपण उंबऱ्याशी बसलो तरी चालतं. त्याच्या डबीत एल.आर.४४ हा बटणासारखा सेल असतो आणि एक कळ असते. कॅमेऱ्याला लावताना कळ कॅमेऱ्याकडे करायची. फोनला लावताना दुसरीकडे, जिथं 'बंद' असंही लिहिलेलं असतं. 'बंद' वाचून पुष्कळजणी घाबरतात. पण फोनला लावल्यावर माईक तिथंच चालतो, कारण त्याला लागणारी थोडीशी वीज फोन स्वतः पिनेतून पुरवतो.

चर्चेत कुणीतरी विचारलं, की मंडपवाल्याचा हातात धरायचा माईक फोनला लावता येईल का? सरळ लावता येत नाही. त्याची जात वेगळी. त्याची पिन जाड असते, आणि बारीक पिन जोडून दिली तरी त्याचा विद्युतरोध इतका कमी असतो, की बहुतेक फोन त्याला माईक म्हणून ओळखतच नाहीत. याच्या उलट मंडपाच्या ॲम्प्लिफायरमधून निघणारी वायर. तिच्यातून येणारा आवाज फोनच्या मानानं फार जोरकस असतो आणि रेकॉर्डिंग फाटतं. महिला ग्रामसभेत बोलणाऱ्यांपुढच्या टेबलावर, घडी केलेल्या रुमालावर आपला कॉलर माईक ठेवावा, हे उत्तम. रुमालामुळे टेबलावरचे धक्के येत नाहीत.

ब्लूटूथचे कानात घालायचे बोळे या कामाला घेऊ नका. फोनमधली बरीच रेकॉर्डिंगची ॲपं त्यांचा माईक घेतच नाहीत, आणि घेतला तरी आवाज फोनवरच्या बोलण्याइतकाच चपटा येतो. बिनवायरीचे छातीला लावायचे नवे माईक निघाले आहेत, त्यांचा आवाज चांगला असतो. पण त्यांचा फोनला लावायचा तुकडा बहुधा टाइप-सी पिनेचा असतो, तो जुन्या फोनला बसत नाही. शिवाय दोन्ही तुकडे चार्ज केलेले लागतात. विजेचा भरवसा नसलेल्या गावात वायरच बरी.

गोल भोक नसलेले फोन

ज्यांच्या फोनला गोल भोक नाही त्यांनी चार्जिंगच्या भोकातून माईक जोडायचा. टाइप-सीचे जोडतुकडे दिसायला सारखे पण आतून दोन प्रकारचे असतात. एकात नुसत्या तारा असतात. तो काही ठरावीक फोनांवरच चालतो. दुसऱ्यात आवाजाचं रूपांतर करणारी चिप असते. तो बहुतेक फोनांवर चालतो. दुकानदाराला 'डॅक चिपवाला द्या' असं म्हणा, आणि दुकानातच नखाची परीक्षा करून मगच पैसे द्या. कारण काही तुकड्यांवर ऐकू येतं, पण माईक चालत नाही.

जुन्या मायक्रो यू.एस.बी. फोनला ओ.टी.जी.ची सोय असेल तरच हे जमतं, आणि फोनमध्ये अँड्रॉइड ५ किंवा त्यापुढचं असावं लागतं. काही कंपन्यांच्या फोनांत ओ.टी.जी. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. इतका खटाटोप असताना माझा सल्ला असा, की गोल भोकाचा एखादा जुना फोन कुणाच्या कपाटात पडला आहे का, ते आधी पाहावं.

बसल्यावर

माईक हनुवटीपासून साधारण एक वीत खाली हवा. आपल्या बायकांच्या डोक्यावर पदर असतो, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या. पदर माईकवर घासला की खरखर येते, मण्यांचा किणकिणाट येतो. माईक मंगळसूत्रापासून बाजूला, पदराच्या वर लावावा. तो तिचा तिलाच लावू द्यावा, किंवा विचारून आपण बायकांनी लावावा. शूटिंगला आलेल्या मुलानं परक्या बाईच्या पदराला हात घालू नये, हे मी मुद्दाम सांगते.

कोपीवर, फडात वारा असतो. माईकवर स्पंजची टोपी असू द्या आणि बाईला वाऱ्याकडे पाठ करून बसवा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या, कपड्यांच्या वळकट्या असलेला कोपरा निवडा. पंखा, कूलर थोडा वेळ बंद करता येतो का ते विचारा. फोन चार्जिंगला लावून रेकॉर्डिंग करू नका, स्वस्त चार्जरनं घूं असा आवाज येतो. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटत नाही.

पहिलं अर्धं मिनिट घेऊन थांबा. बाईचं नाव नको. आज काय जेवलात, एवढं बोलणं पुरे. माईकची पिन काढून इयरफोन लावा आणि ऐका. ते बाईलाही ऐकवा. 'माझाच आवाज हाय व्हय?' म्हणून बायका हसतात आणि बुजरेपणा निम्मा जातो. ऐकल्याशिवाय मुख्य बोलणं सुरू करायचं नाही. ती रडून, धीर करून एकदा सांगते. वायर सैल होती म्हणून तिला परत सांगायला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तिची परवानगी, तिची सुरक्षितता

'मावशी, तुमचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घेते, चालंल का?' एवढं विचारलं म्हणजे परवानगी झाली, असं समजू नका. कशासाठी घेतो, कोण कोण ऐकणार, कुठं ठेवणार, नंतर तिला नको वाटलं तर पुसता येईल का, हे सगळं सांगावं. तिनं नको म्हटलं तर वही आहेच. तिच्या शब्दांत लिहायला तर आपल्याला कुणी अडवलं नाही.

नाव गाळलं की ओळख लपली, असं होत नाही. गावात आवाजावरून बाई ओळखतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. लहान मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे. असं रेकॉर्डिंग गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकणं म्हणजे गावात दवंडी देणंच.

आणि इथं मला जुन्या फोनची खरी बाजू मांडायची आहे. आपण रेकॉर्डिंग करतो तो फोन कुणाचा असतो? पुष्कळ वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा. कुलूप उघडायची खूण त्याला ठाऊक असते. फोटो आणि फाइली आपोआप त्याच्या खात्यावर चढतात. एका बाईनं विश्वासानं सांगितलेलं दुसरीच्या घरातल्या पुरुषाच्या हाती पडतं, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक गटाचा एक वेगळा फोन हवा. सिमकार्ड नसलेला, इंटरनेटला न जोडलेला, कुलूप असलेला, गटाच्या पेटीत राहणारा. जुन्या फोनांना कंपन्या सुरक्षिततेच्या सुधारणा पाठवणं बंद करतात, म्हणून तो इंटरनेटवर नेऊच नये. अशा कामाला घरातल्या कुणाच्याही नव्या फोनपेक्षा गटाचा हा जुना फोन अधिक भरवशाचा आहे.

जपून ठेवणं आणि कायदा

रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये चांगली प्रत निवडा. एम.४.ए. प्रकारात तासाला साधारण ६० एम.बी. जागा लागते, डब्ल्यू.ए.व्ही.मध्ये एकेरी आवाजाला ३०० एम.बी.च्या आसपास. फाइलला नाव देताना तारीख आणि क्रमांक घाला, बाईचं नाव घालू नका. कोणता क्रमांक कुणाचा, ही वही वेगळी, कुलपात. त्याच दिवशी फाइल मेमरी कार्डवर आणि कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर, अशा दोन ठिकाणी उतरवा. कापाकापी करायची तर नकलेवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

हे मी का सांगते? १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीची प्रत न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फाइलचं 'हॅश' नावाचं मूल्य द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. फाइलमध्ये तीळभर बदल झाला तरी तो ठसा बदलतो. जुन्या कायद्यात कलम ६५-ब होतं. त्यावरचा गाजलेला निकाल आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात लागला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की मूळ उपकरणच त्याच्या मालकानं न्यायालयात हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही; नुसती नक्कल दिली तर लागतं. त्यामुळे ज्या फोनवर रेकॉर्डिंग केलं तो विकू नका, मोडीत घालू नका, आणि पुढं काय करायचं ते वकीलताईंना विचारा.

नवऱ्याच्या धमक्या गुपचूप रेकॉर्ड केल्या तर चालतील का, हा प्रश्न नेहमी येतो. १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नवराबायकोच्या वादात असं रेकॉर्डिंग पुराव्यात घेता येतं, असा निकाल दिला. पण ध्यानात ठेवा, त्या खटल्यात बायकोचं बोलणं नवऱ्यानं टेप केलं होतं. म्हणजे ही मुभा दोघांनाही आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाईला हेही सांगायला हवं.

काय करायचं

आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एक डबा तयार करू. त्यात गोल भोकाचा एक जुना फोन, चार भागांच्या पिनेचा कॉलर माईक, स्पंजच्या दोन टोप्या, माईकच्या चित्राची वाय वायर, वायरीचा इयरफोन, मेमरी कार्ड, छोटी पॉवर बँक, सेफ्टी पिना आणि वही. घरात पडलेले फोन जमा झाले तर विकत घ्यायच्या वस्तू थोड्याच राहतात.

डबा सांभाळायला दर तालुक्यात दोघीजणी हव्यात. त्यांतली एक लिहिता-वाचता न येणारी असली तरी चालेल. लाल बटण आणि कान एवढंच लागतं. मुलाला, भाच्याला हाक मारायची नाही. वायर कुठं घालायची हे त्याला माहीत आणि आपल्याला नाही, असं राहिलं तर ऐकायला तोच बसणार, आणि त्याच्यासमोर बाई बोलायची नाही.

दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतील. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीतली गावं ओस पडतील. निघण्याआधी प्रत्येक कोयत्यामागं किती उचल घेतली, कुणासमोर घेतली, हे बायकांच्या तोंडून भरून ठेवायचं आहे, कारण हंगाम संपल्यावर हिशोबाचं भांडण होतं आणि बायकांचं म्हणणं कागदावर कुठंच नसतं. तेवढ्यासाठी हे डबे त्याआधी तयार पाहिजेत.

उद्या सकाळच्या सत्रात आपण दोघी-दोघी बसून हे करून पाहणार आहोत. आज रात्री घरी जाणाऱ्यांनी कपाटं उघडा आणि जुने फोन, जुने इयरफोन, वायरींचा गुंता, जे असेल ते घेऊन या. चालतं की नाही ते आपण नखानं खरवडून ठरवू.